चाकातील हवेवर पहारा



वसंतातल्या संध्याकाळी साहित्य, इतिहास किंवा राजकारण ऐकावयास जमलेल्या श्रोत्यांपुढे ट्रकच्या टायरातील हवा हा विषय मांडणे जरा धाडसाचेच आहे. पण आज सकाळी आपण चहात घातलेली साखर, बाजारातला कांदा आणि मुलांच्या वह्या हे सारे हवेवर बसूनच आपल्या दारी आले आहे. शिवाय ज्या रस्त्याने तो ट्रक येतो, त्याच रस्त्याने आपली एस. टी. जाते. तेव्हा हा प्रश्न केवळ ट्रकवाल्यांचा नव्हे.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. गाडीचा भार मुख्यतः रबर वाहत नाही, हवा वाहते. रबर आणि त्यातील तारा ही त्या हवेची पिशवी. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले, १८८८ मध्ये डनलॉपने ते पुन्हा शोधून काढले, आणि तेव्हापासून सारे जग हवेवर धावत आहे. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात प्रमाणाबाहेर वाकते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार हातात घेऊन भराभर वाकवून पाहा. आधी ती तापते आणि मग तुटते. टायरचेही तसेच. ‘टायर अचानक फुटला’ असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा तो कित्येक किलोमीटर आधीपासून आतून खचत आलेला असतो.

आमच्याकडे हे ओळखण्याची जुनी रीत म्हणजे क्लीनरची टॉमी. गाडी थांबली की तो खाली उतरतो आणि चाकाचाकावर ठोका मारून आवाज ऐकतो. या रीतीला हसण्याचे कारण नाही. पार बसलेला टायर तिने सापडतो. मात्र ११० पौंड आणि ९० पौंड यांच्या आवाजातला फरक तयार कानालाही भरवशाने कळत नाही. त्यातून मागच्या जोडचाकांतले आतले चाक म्हणजे अंधारातला भिडू. त्याची हवा गेली तरी गाडी कलत नाही. शेजारचे चाक दोघांचा भार मुकाट्याने उचलते आणि अखेर तेही जाते.

पूर्वी वाटेत गावे, घाट आणि फाटके होती. चाकाला सक्तीचा विसावा मिळे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला. अशा रस्त्यावर चाक तासन् तास एका वेगाने फिरते. चुकीच्या हवेला क्षमा मिळण्याचे दिवस त्यामुळे संपले आहेत.

परदेशांत कायद्याने यावर उपाय केला. अमेरिकेत टायर निकामी होऊन गाड्या उलटल्याच्या प्रकरणांनंतर २००० मध्ये कायदा झाला, आणि २००७ च्या सप्टेंबरपासून तेथील सर्व नव्या हलक्या गाड्यांत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आली. युरोपात ती २०१४ मध्ये सर्व नव्या मोटारींना आणि २०२४ मध्ये नव्या ट्रक-बसनाही लागू झाली. पण कायदा नव्या गाडीकडे पाहतो. दहा-पंधरा वर्षे राबलेल्या ट्रकचे काय? त्याला ही यंत्रणा मागाहून बसविता येते, आणि तोच आजचा आमचा मुद्दा आहे.

यंत्र तसे लहानच. प्रत्येक चाकाला एक संवेदक. तो दाब आणि उष्णता मोजतो व बिनतारी संदेशाने चालकापुढील पडद्यावर पाठवितो. संवेदकाचे प्रकार दोन. एक रिमच्या आत बसतो. तो सुरक्षित खरा, पण त्यासाठी टायर उतरवावा लागतो आणि चाक ट्यूबलेस असावे लागते. दुसरा वॉल्व्हवर टोपणासारखा बसतो. ट्यूब आणि फ्लॅप असलेल्या जुन्या ट्रकला हा दुसराच सोयीचा.

बसविताना मात्र काही पथ्ये पाळावीत. टोपणाचा संवेदक वॉल्व्हची पिन दाबून ठेवतो. म्हणजे त्याचे रबरी वायसर झिजले तर पहारेकरीच चोर ठरतो. म्हणून बसविल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. आतल्या चाकाला जोडनळी लावली असेल तर ती घट्ट व आधार दिलेली असावी. ट्रकची वीज बहुधा २४ व्होल्टची असते, तेव्हा मोटारीचा पडदा तसाच जोडू नये. गाडी लांब असेल तर मध्ये संदेश पुढे पाठविणारा जोडयंत्र घ्यावा. स्टेपनीलाही संवेदक हवा. आणि चाकांची अदलाबदल केली की संवेदकांची नोंदही बदलावी. नाहीतर चोर एका घरात आणि पोलिस दुसऱ्याच दारात, असे व्हायचे.

आता थोडे गणित. सकाळी २७ अंश उष्णतेला टायरात ११० पौंड हवा भरली. दुपारी आतली हवा ६७ अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे १२७ पौंड होतो. हे वाढणे स्वाभाविक आहे; म्हणून तापलेल्या टायरातून हवा सोडू नये. उलट बाजू अधिक धोक्याची. ज्या टायरातून १५ पौंड हवा निघून गेली आहे, जो सकाळी ९५ दाखविता, तोच दुपारी तितकाच तापल्यावर ११० दाखवितो! ढाब्यावर गेज लावणारा म्हणतो, ‘सर्व ठीक’. आणि ते ठीक नसते. यंत्र उष्णताही दाखविते, म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचावयाचे, आणि मूळ आकडा सकाळच्या थंड टायरवर, टायर-कंपनीच्या तक्त्यातील भार पाहूनच ठरवावयाचा.

इशारा झाल्यावर काय करावे? नेमलेल्या दाबाच्या पाचवा हिस्सा हवा कमी असताना भार घेऊन धावलेला टायर हवाच नसल्यासारखा समजतात. त्यात तशीच हवा मारू नये. तारांच्या रेडियल टायरची खचलेली बाजू हवा भरताना एका ओळीत उसवत जाते आणि समोर बसलेल्या माणसाचा जीव घेऊ शकते. टायर उतरवून आतून तपासावा, आणि हवा भरावयाची तर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, दूर उभे राहून भरावी. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याच्या जिवाची किंमत आपल्या खोळंब्याहून कमी नाही.

हे यंत्र हवा भरीत नाही, झिजलेल्या टायराला तरुण करीत नाही, खिळ्याने एका क्षणात फाटणाऱ्या टायराची आगाऊ वर्दीही देत नाही. ते हळू गळणारी हवा आणि वाढणारी उष्णता सांगते. इतकेच, पण हे इतकेच पुष्कळ आहे.

खरा प्रश्न यापुढे आहे. यंत्र वाजले, रात्रीचे दोन वाजले आहेत, माल पहाटे पोहोचवावयाचा आहे. चालक थांबला तर उशिराचे पैसे कोणाच्या पगारातून कापले जाणार? ते त्याच्याच पगारातून कापावयाचे असतील तर तो पडदा झाकून पुढे जाईल, आणि आम्ही त्याला दोष देऊ शकणार नाही. म्हणून मालकाने यंत्र घेताना त्याबरोबर चालकाला एक शब्दही द्यावा: ‘हे वाजले की थांब, उशीर माझ्या खाती.’ माल मागविणाऱ्या व्यापाऱ्यानेही तो शब्द मानावा. यंत्र बाजारात मिळते. हा शब्द बाजारात मिळत नाही. तो आपणच द्यावयाचा आहे.