प्लेट जळते, कारण पिन झिजते

(लोणी, ता. आंबेगाव येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कांद्याच्या भावावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत. मला जीपच्या क्लचवर बोलायला सांगितले आहे. काहीजण हसले. हसा, हरकत नाही. पण ज्याच्या दारात जुनी जीप उभी आहे त्याने दहा मिनिटे कान इकडे द्यावा. या क्लचपायी मी पैसेही घालवले आणि एकदा मालाचा भावही घालवला.

आपला हा लोणी-धामणीचा पट्टा कोरडवाहू. इथे नवी गाडी घेणारे थोडे, जुनी चालवणारे फार. कांद्याच्या गोणी मंचरला न्यायच्या तर जुनी जीप आणि मागे ट्रॉली. अमेरिकेतल्या विलिज कंपनीची ही जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत जोडायला घेतली, आणि तिच्याच वळणाच्या गाड्या पुढे अनेक दशके खेडोपाडी चालल्या. गाडी दणकट. पण दणकट गाडीचेही सांधे झिजतात.

माझे काय झाले ते आधी सांगतो. पॅडल पार तळाला दाबले तरी गिअर खरखरायचा. गॅरेजवाल्याने खाली वाकून रॉड कसला, गाडी चालू लागली. पाचसहा महिन्यांनी चढावर इंजिन नुसतेच ओरडायला लागले, गाडी पुढे ओढेना. गॅरेजवाला म्हणाला, क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस खाली उतरवली, प्लेट आणि बेअरिंग नवे टाकले. पैसे दिले. वर्ष झाले नाही तोच पुन्हा तेच! त्या दिवशी मागे भरलेली ट्रॉली होती. मंचरला पोचलो तेव्हा लिलाव आटोपला होता. पुढच्या लिलावापर्यंत गोणी पडून राहिल्या आणि त्या वेळी भाव उतरला होता. प्लेटचे पैसे वहीत दिसतात. हा तोटा कुठल्या वहीत लिहायचा?

मग शांतपणे जीपखाली आडवा झालो आणि पहिल्यांदा नीट पाहिले. तेच आज सांगायचे आहे.

आपण पाय देतो पॅडलवर. क्लच असतो इंजिनाच्या मागे, बेलहौसिंगच्या आत. या दोघांच्या मध्ये एक साखळी आहे. पॅडलचा दांडा बुशवर फिरतो. त्याच्या खालच्या टोकाला पिन, पिनीला रॉड. रॉड क्रॉस शाफ्टला ढकलतो किंवा ओढतो. हा शाफ्ट एका टोकाला चॅसीवर आणि दुसऱ्या टोकाला इंजिनाच्या बाजूला टेकलेला असतो. त्याच्या दुसऱ्या हाताला आणखी एक रॉड आणि पिन, आणि तो रॉड फोर्क हलवतो. फोर्क बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना दाबते, तेव्हा कुठे क्लच सुटतो. काही गाड्यांत यातल्या रॉडऐवजी केबल असते, नंतरच्या काहींत तेलाचा सिलिंडर. मी बोलतो आहे ते रॉड आणि पिनांच्या गाडीबद्दल.

आता हिशेब करू. हिशेब हा आपल्या चळवळीचा पायाच आहे. आंबेठाणच्या कोरडवाहू रानात शरद जोशींनी स्वतः शेती केली, खर्च मांडला, आणि त्या आकड्यांच्या जोरावर १९८० साली चाकणचे कांदा आंदोलन उभे राहिले. क्लचचाही हिशेब तसाच मांडू.

समजा पॅडलचा लांब हात १२ इंच आणि आखूड हात ३ इंच. म्हणजे पाय चार इंच जातो तेव्हा खालचा रॉड एक इंच सरकतो. क्रॉस शाफ्टचे दोन्ही हात सोयीसाठी सारखे धरू. आता तीन सांध्यांत प्रत्येकी दीड मिलिमीटर ढिल आहे असे समजा. दीड मिलिमीटर डोळ्याला दिसतही नाही. तिन्हींची मिळून साडेचार. पायापाशी त्याची चौपट, १८ मिलिमीटर. पाऊण इंचाच्या जवळ पाय दाबला तरी क्लचला त्याची खबरच नाही!

पॅडलला वर थोडी मोकळी चाल ठेवावीच लागते. जुन्या जीपला ती साधारण एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर ठेवतात. ही चाल कशासाठी? पाय काढल्यावर बेअरिंग बोटांपासून सुटे राहावे म्हणून. आता गॅरेजवाला रॉड कसतो, पॅडलवर बरोबर एक इंच चाल दाखवतो आणि आपण खूश. पण त्या २५ मधले १८ मिलिमीटर झिजलेल्या पिनांचे आहेत. बेअरिंगच्या वाट्याला खरे उरले पायापाशी ७. प्लेट जसजशी झिजते तसतशी प्रेशर प्लेटची बोटे मागे, बेअरिंगच्या दिशेने सरकतात. त्यामुळे हे ७ लवकर संपतात. मग बेअरिंग सतत घासते, बोटे कायम थोडी दाबलेली राहतात, प्लेट पुरती पकडत नाही, घसरते आणि जळते. आपण म्हणतो प्लेट गेली. प्लेट गेली खरी, पण तिला घालवली पिनेने. प्लेट बदलून पिन तशीच ठेवली तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाणार. माझ्या दोन प्लेटा गेल्या त्या अशा.

म्हणून गिअरबॉक्सचे बोल्ट ढिले करण्याआधी हे करा.

पहिले, रोग ओळखा. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, हा एक रोग; क्लच घसरतो आहे. पॅडल दाबूनही गिअर खरखरतो, गाडी पुढे सरकू पाहते, हा दुसरा. क्लच सुटत नाही. दुसऱ्याची परीक्षा रिव्हर्समध्ये करा, कारण जुन्या जीपच्या रिव्हर्सला सिंक्रोची सोय नसते. गाडी उभी, इंजिन मंद, पॅडल पूर्ण दाबा, तीनचार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखरला तर आधी पिना तपासा.

दुसरे, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा, गाडी सपाट जागी घ्या. एकाने हाताने पॅडल हळू दाबायचे, दुसऱ्याने खालून पाहायचे. घरातल्या कोणालाही बसवा. आमच्याकडे मंडळी बसली आणि तिसऱ्या वेळेला त्यांनीच वरून सांगितले, आत्ता पाय रिकामा जातोय. एक भाग हलला आणि पुढचा हलला नाही, तिथे खडूची खूण करा. पॅडलचा बुश, प्रत्येक पिन, क्रॉस शाफ्टची दोन्ही टोके, सगळीकडे पाहा. शाफ्टचे टोक झिजले असेल तर शाफ्ट तिरपा होतो, आणि ती चूक रॉड कसून भरून निघत नाही. इंजिनाचे माउंटिंग रबरही पाहा. रबर बसले की इंजिन जागचे हलते आणि साऱ्या साखळीचे माप बिघडते.

तिसरे, पिना काढा. पिनेवर खाच पडली असेल तर ती फेका. भोक लांबट झाले असेल तर नुसती नवी पिन घालून उपयोग नाही. लेथवाल्याकडे जा. भोक गोल करून जाड पिन बसवता येते, किंवा भोक मोठे करून आत पितळी बुश घालता येतो. वेल्डिंगने भरून पुन्हा भोक पाडायचे असेल तर भाग काढून बाकावर करा, गाडीवर नको; तिथे पेट्रोल-डिझेलची नळी जवळ असते. आणि एक गोष्ट कधीही करू नका: पिनेच्या जागी अख्ख्या आट्यांचा बोल्ट. आटे करवतीसारखे भोक कापतात. पिन गुळगुळीत हवी, वॉशर हवा, स्प्लिट पिन नवी हवी. जुनी वाकवून परत घालू नका. ती तुटली की उतारावर पॅडल पायाखाली मेलेले असते.

चौथे, ग्रीस भरा, बाहेर आलेले पुसून काढा. त्यावर आपल्या रस्त्याची धूळ बसली की ग्रीसची पॉलिश पेस्ट होते. ओढणारी स्प्रिंग ढिली असेल तर बदला. मग मोकळी चाल लावा, लॉकनट कसा, रिव्हर्सची परीक्षा पुन्हा घ्या. एवढे करूनही चढावर इंजिन ओरडत असेल तर मग प्लेट. तेव्हा खुशाल उतरवा.

माझ्या जीपला दोन पिना, तीन बुश, एक स्प्रिंग आणि लेथवाल्याची मजुरी एवढे लागले. गिअरबॉक्स उतरवण्याच्या नुसत्या मजुरीपेक्षा ते कमी होते.

आता कोणी विचारेल, हे शिकायचे कुठे? फार लांब नाही. बेल्हे-जेजुरी रस्त्याने इथून पाबळ गाठा. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेला, मोठ्या कंपनीत संशोधन केलेला माणूस पाबळच्या माळावर आला आणि शाळा सोडलेल्या पोरांच्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला. हाताने काम करता करता शिक्षण, ही त्यांची रीत. जीपचे जुने भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तिथेच घडला. डॉक्टरसाहेब २००३ मध्ये गेले, पण जे भाग आपण भंगारात घालतो त्यांचा ट्रॅक्टर होऊ शकतो हे त्यांनी या माळावर दाखवून दिले.

आपली चळवळ तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी करते तेव्हा आपल्याला बियाणे आठवते. ते बरोबरच आहे. पण ज्याला आपले यंत्र उघडता येत नाही, त्याचे स्वातंत्र्य गॅरेजच्या दारात संपते. जुन्या जीपची पिन डोळ्याला दिसते, हाताला लागते. नव्या ट्रॅक्टरांत संगणकाचे डबे येत आहेत. ते उघडायची चावी कोणाकडे राहणार हा पुढचा प्रश्न आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केले आणि त्यात शेतीची यंत्रे धरली. कागदावर हक्क आला. पण ज्याला काय मोडले तेच कळत नाही, तो हक्क मागणार कसा?

म्हणून तीन गोष्टी ठरवून उठू या. गॅरेजमध्ये काढलेला जुना भाग परत मागायचा. बिलात मजुरी आणि सामान वेगवेगळे लिहून घ्यायचे. आणि दुरुस्तीचा प्रत्येक रुपया उत्पादन खर्चाच्या वहीत चढवायचा. आपणच तो लिहिला नाही, तर भाव मागताना तो कोणी मोजणार नाही.

माझी जीप बाहेर उभी आहे. ज्याला खाली वाकून पाहायचे आहे त्याने बैठक संपल्यावर यावे. पोती मी अंथरून ठेवली आहेत.