रोजचा शास्त्रपाठ

दौंड तालुक्यातल्या केडगावी, मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईलाही ते वाचता यावं, ही त्यांची तळमळ. १९२२ मध्ये त्या गेल्या. शेवटची वर्षं त्यांनी याच कामाला दिली.

असं मराठीत वाचता येणारं बायबल घरात असूनही फक्त रविवारी उघडत असेल, तर आधी मार्कचं शुभवर्तमान घ्या. त्यात सोळाच अध्याय आहेत, रोज एक पुरे. चौथ्या अध्यायात वादळ उठतं, तारवात पाणी भरू लागतं, शिष्य घाबरतात, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला असतो. उशीचा हा उल्लेख चार शुभवर्तमानांपैकी एकट्या मार्कमध्ये आहे. भराभर वाचलं तर तो सुटतो. अशा जागी थांबावं. शिष्यांचं घाबरणं आपल्या काळजीशी ताडून पाहावं आणि तीच काळजी प्रार्थनेत बोलावी. माझ्या मते विश्वास इथेच मूळ धरतो. किती पानं झाली, याला फारसं महत्त्व नाही.

मग स्तोत्रसंहिता. स्तोत्रं १५०, रोज पाच वाचली तर महिन्यात होतात. ११९वं मात्र १७६ वचनांचं आहे, त्याला वेगळा दिवस ठेवा.