उपचारानंतरची लस : होकार देण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले ते मी विदुषी म्हणून नव्हे, तर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पुरे करून मला सहा वर्षे झाली म्हणून. शस्त्रक्रिया, किरणोपचार यांविषयी आपल्या मंडळात पूर्वी बोलणे झाले आहे. आज त्यापुढचा प्रश्न घेते. उपचार संपले की घरची माणसे म्हणतात, "सुटलीस!" पण बाईच्या मनातली धाकधूक काही सुटत नाही. रोग पुन्हा उलटेल का? अशा वेळी कोणी "लस" हा शब्द उच्चारला की जीव तिकडे धावतो.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. तिलाही हाच रोग झाला. उपचारांनंतर डॉक्टरांनी तिला एका लशीच्या चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले आणि तिने मला फोन केला, "ताई, काय करू?" तिला सांगण्यासाठी जे वाचले, विचारले, तेच तुमच्यापुढे ठेवते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. देवीची लस आपल्या आई-आजीने टोचून घेतली ती रोग होऊ नये म्हणून. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मुलींना देतात ती लसही एका विषाणूला अडवते. इथली गोष्ट निराळी. काहींच्या कर्करोगपेशींवर 'हर-टू' नावाचे प्रथिन फार असते. त्याचा एक लहानसा तुकडा टोचून शरीरातल्या संरक्षक पेशींना शत्रूची ओळख पटवायची, म्हणजे मागे राहिलेल्या चुकार पेशी त्या हुडकून काढतील, अशी ही कल्पना आहे.

कल्पना सुंदर, पण सुंदर कल्पना फळतेच असे नाही. 'न्यूव्हॅक्स' नावाच्या लशीच्या चाचणीत ७५८ स्त्रिया होत्या. २०१६ साली स्वतंत्र देखरेख समितीने आकडे पाहिले. लशीचा फारसा त्रास नव्हता, पण उपयोग होण्याची आशाही दिसेना. चाचणी थांबवण्यात आली. 'फ्लेमिंगो' नावाची दुसरी मोठी चाचणी २०२२ साली सुरू झाली. तीत तीन वर्षांत अकरा टोचण्या आहेत : पहिल्या सहा महिन्यांत सहा आणि मग पाच. क्लीव्हलंड येथे २०२१ साली वेगळ्याच लशीची पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. त्या टप्प्यात मात्रा किती द्यावी आणि त्रास काय होतो, हेच मुख्यतः पाहतात. स्तनाचा कर्करोग उलटू नये म्हणून मान्यता मिळालेली एकही लस आजमितीस नाही, हे पदराला गाठ मारून ठेवा.

मोठ्या चाचणीत बहुधा चिठ्ठ्या टाकल्यासारखे असते. कोणाला लस, कोणाला नुसते औषधाविना द्रव. कोणाला काय मिळाले ते तिला कळत नाही, तिच्या डॉक्टरांनाही नाही. बहीण म्हणाली, "म्हणजे तीन वर्षे मी पाणीच टोचून घ्यायचे?"

तिला मी आपल्या मुंबईची गोष्ट सांगितली. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने आपल्या देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती बधिर करण्याचे साधे, स्वस्त औषध निम्म्या जणींना टोचले, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी पाहिले तर औषध टोचलेल्यांपैकी शंभरात सुमारे नव्वद जणी हयात होत्या, इतरांपैकी सुमारे शह्याऐंशी. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना औषध मिळाले नाही त्या नसत्या, तर हा फरक कोणाला कळला असता? पुढच्या बायकांवर त्यांचेही तितकेच ऋण आहे.

म्हणून काय डोळे मिटून सही करायची? मुळीच नाही. आधी विचारा : नेहमीच्या उपचारांबरोबर ही लस आहे, की त्यांच्या ऐवजी? चालू गोळ्या बंद तर करायच्या नाहीत ना? चाचणी कोणत्या टप्प्याची? खेपा किती, तपासण्या किती, प्रवासखर्च कोणाचा? यात नाव घातले तर पुढे दुसऱ्या उपचाराची वाट अडेल का? मधूनच सोडता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "होय" असलेच पाहिजे. तो आपला हक्क आहे.

आपल्याकडे २००९ पासून अशा चाचण्यांची सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे, ती कोणालाही पाहता येते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संमतिपत्र आपल्या भाषेत मागा, घरी आणा, दोनदा वाचा. आणि कोणी "कर्करोगाची लस" म्हणून लाखभर रुपये मागितले, तर पैशाला हात लावण्याआधी आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गाठा.

बहिणीने पंधरा दिवस विचार केला आणि सही केली. "गुण येईल म्हणून नाही, ताई," ती म्हणाली, "पण नुसती वाट पाहत बसण्यापेक्षा हे बरे." तिच्या जागी दुसरी कोणी "नको" म्हणाली असती, तर तेही शहाणपणाचेच ठरले असते. रुग्णालयाच्या खेपांनी जीव विटला असेल तर नाही म्हणण्यात भित्रेपणा नाही. फक्त होकार असो की नकार, तो धास्तीपोटी किंवा कोणाच्या भिडेखातर नसावा.

आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला तर तिने एकटीने कागद घेऊन बसू नये. मला निरोप धाडावा. आपण मिळून वाचू, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढू.