शहराची खरी मोजणी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील सेंट लुईस येथे आम्ही काही वर्षे सहकुटुंब राहिलो. ते शहर केवढे, असे आम्हांस नेहमी विचारतात. शिरगणतीप्रमाणे १९५० साली तेथील लोकसंख्या ८,५६,७९६ होती; २०२० साली ती ३,०१,५७८ भरली. मग शहर ओस पडले काय? तसे नव्हे. १८७६ साली शहराने आपल्या काउंटीशी फारकत घेतली आणि स्वतःची सीमा कायमची आखून घेतली. पुढे माणसे सीमेपलीकडील उपनगरांत गेली. मिसिसिपीच्या दोन्ही तीरांवरील ही सारी वस्ती धरली, तर महानगर सुमारे २८ लाखांचे आहे. आम्हीही त्यांतलेच. नोकरी शहरात, घरपट्टी मात्र उपनगरात. स्वतःस सेंट लुईसकर म्हणवीत असू, पण त्याच्या मोजणीत नव्हतो. मागे राहिलेल्यांच्या वाट्यास ओसाड घरे आली, हे शल्य आम्हांस आजही आहे.

आपल्या मंडळानेही कुंपण आखण्यापूर्वी बाहेर कोण राहते, ते पाहावे, एवढीच नम्र विनंती.