अध्याय 23 की 25?



भगवद्गीता महाभारताच्या भीष्मपर्वात आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण भीष्मपर्वाच्या कितव्या अध्यायापासून? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सित आवृत्ती उघडली तर 23व्या. पुण्याच्याच चित्रशाळा प्रेसने नीलकंठाच्या टीकेसह छापलेली आवृत्ती घेतली तर 25व्या. प्रबंधात कोणी नुसते 'भीष्मपर्व, अध्याय 25' एवढेच लिहिले, तर चिकित्सित आवृत्तीत अर्जुनाचा विषाद शोधणारा वाचक थेट कर्मयोगात जाऊन पोहोचतो. आवृत्ती न सांगता दिलेला संदर्भ हा असा अर्धवट पत्ता असतो.

चिकित्सित आवृत्तीचे काम 1919 साली सुरू झाले आणि 1966 साली पुरे झाले. 1925 पासून संपादक विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली. पाठ ठरवण्यासाठी 1,259 पोथ्या पाहिल्या गेल्या. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम, देवनागरी अशा लिपींनुसार पोथ्यांना खुणा दिल्या. पानावर वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ आणि खाली कोणत्या पोथीत काय वेगळे आहे, त्याची नोंद. त्यामुळे सुकथनकरांचा निर्णय ज्याला पटत नाही, त्यालाही त्याच पानावर आपल्या बाजूचा पुरावा सापडतो. तळटिपांचे खरे मोल इथे कळते.

नेमका पत्ता नोंदवण्याचे असेच काम पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात चिठ्ठ्यांवर झाले. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी 1948 साली संस्कृत कोशाचा प्रकल्प हाती घेतला. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द टिपले गेले. एका चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते अवतरण, ग्रंथाचे संक्षिप्त नाव आणि नेमके स्थळ. अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. पहिला भाग निघायला 1976 साल उजाडले. स्थळ चुकले तर त्या चिठ्ठीवरचे बाकी सगळे कष्ट वाया जात.

आजचे पीएच.डी.चे विद्यार्थी संदर्भ नोंदवायला झोटेरो, मेंडेली यांसारखी सॉफ्टवेअर वापरतात आणि ती वापरावीतच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतर लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, आणि रीतसर संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे त्या मोजणीत धरली जात नाहीत. मात्र 'साम्य किती आले?' या एकाच धाकापोटी संदर्भ देण्याची सवय लागली, तर वाचकाला पडताळा घेता यावा हा मूळ हेतूच मागे पडतो.

शिवाय मराठी पुस्तकांशी सॉफ्टवेअरची ओळख बेताचीच. जुन्या पुस्तकावर 'शके 1820' छापलेले असते. वर्षाच्या रकान्यात 1820 भरले की संदर्भसूचीत ते पुस्तक 78 वर्षे मागे जाते. म्हणून 'शके 1820 (इ.स. 1898)' असे दोन्ही द्यावे, आणि सूची छापायला देण्याआधी प्रत्येक नोंद मूळ पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाशी ताडून घ्यावी.