न आलेला पेशंट कोणाचा?



देशोदेशींच्या मराठी डॉक्टरांनी इतक्या दक्षिणेत, चेन्नईत, का जमावे, असे कुणी विचारेल. तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या दुसऱ्या सरफोजींनी धन्वंतरी महाल चालवला, नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवल्या. तेव्हा इथे आपण अगदीच पाहुणे नाही. सांबारही त्याच घराण्यात जन्मले की नाही, हा वाद पंगतीपर्यंत राखून ठेवू.

आपला विषय आहे देशोदेशीचा फॅमिली डॉक्टर. ‘बीएमजे ओपन’मध्ये 2017 साली 67 देशांची पाहणी आली. एका पेशंटला स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात 48 सेकंद, भारतात दोनेक मिनिटे. आकडे लाजवणारे आहेत. पण मिनिटांवरून डॉक्टर जोखावा, हे मला पटत नाही. जुना पेशंट दारातून आत येतो, तेव्हाच त्याची निम्मी हिस्टरी झालेली असते.

फरक दिसतो तो न आलेल्या पेशंटमध्ये. ब्रिटनमध्ये माणसाचे नाव जीपीच्या यादीत असते आणि दवाखान्याचे बरेचसे पैसे त्या यादीवर ठरतात. बीपीच्या गोळ्या सोडून घरी बसलेलाही त्यामुळे कुणाच्या तरी हिशेबात राहतो. नॉर्वेने 2001 मध्ये यादीचीच वाट धरली. क्युबाने 1984 पासून डॉक्टरला वस्तीतच राहायला पाठवले. तो धडधाकट माणसाचेही दार वाजवतो. आपल्याकडे केसपेपर निघाला तर पेशंट. फिरकला नाही तो बरा झाला, दुसरीकडे गेला की देवाघरी, कळायला मार्ग नाही.

अपवाद आहेत, आणि ते जवळचेच आहेत. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केले आणि गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केले. तमिळनाडूने ऑगस्ट 2021 मध्ये ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ सुरू केले. बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या घरपोच. दोन्हीकडे दारात पहिल्यांदा पोचते ती बाई, डॉक्टर नव्हे. आमच्या पेशाला हे अजून नीटसे पचलेले नाही!

इंग्लंडची मंडळी आता अपॉइंटमेंटच्या रांगांचे गाऱ्हाणे मांडतील, जरूर मांडावे. दुपारच्या चर्चेत मात्र प्रत्येकाने एवढे सांगावे: वर्षभर न फिरकलेल्या तुमच्या मधुमेहींची चौकशी कोण करते, आणि त्याचा पगार कोण देते?

फिल्टर कॉफी बाहेर उजव्या हाताला आहे. संमेलनाध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.