जुन्या भिंतीचा जुना रंग

दिवाळी जवळ आली की घरोघर रंगसफेदीची बोलणी निघतात. जोगेश्वरीच्या आसपास, आंबोलीच्या गावठाणात वगैरे, जुनी कौलारू घरे थोडी उरली आहेत. अशा घराच्या मालकाला हल्ली पहिला सल्ला मिळतो तो असा : "तेलरंग मारून टाका, पुसता येतो, कटकट नको." सिमेंटच्या भिंतीला हे चालेलही. चुन्याच्या गिलाव्याला मात्र ते मारक आहे.

का, ते पाहा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जोगेश्वरीच्या सहाव्या शतकातल्या लेण्यांत पाणी झिरपून मूर्ती झिजल्या. मग आपल्या विटांची काय कथा! ओल भिंतीत शिरणारच. चुन्याच्या सफेदीतून ती हळूहळू वाळून जाते. तेलरंगाने तिची वाट अडते, आत क्षार फुगतात, आणि पोपडा सुटतो तो नुसत्या रंगाचा नव्हे, गिलाव्यासकट.

चुना म्हणजे भाजलेला दगडच. कळीचा चुना पाण्यात विरवला आणि भिंतीवर दिला, की तो हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा दगड होतो. शिक्षकबंधूंनी चुन्याची निवळी बशीत उघडी ठेवावी. वर पांढरी साय धरते, ती हीच. मुलांचे हात मात्र तीत घालू देऊ नयेत.

आता रंगाचे. चुना तिखट, त्यात वनस्पतीचे रंग टिकत नाहीत. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्या घरात कुणाला सांगायला नको! म्हणून जुन्या लोकांनी मातीचे नि खनिजांचे रंग धरले : तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवट छटेला मोरचूद, आणि पांढऱ्याचा पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ. नीळ पुडीची हवी. बाटलीतली पातळ नीळ इथे कामाची नाही. मोरचूद विषारी, तेवढे जपा. रंग चुन्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त घालू नये, नाहीतर अंगाला लागतो.

चुना आठवडाभर भिजवून फडक्यातून गाळा, दुधासारखा पातळ करा. भिंत आधी ओली करून तीन हात द्या. ओला असताना हात अगदी फिका, पारदर्शक दिसतो, वाळला की पांढरा भरतो; तेव्हा आधी कोपऱ्यात हातभर देऊन पाहा. तुमच्या घराचा मूळ रंग कोणता, हेही कोपराच सांगेल. कपाटामागे सफेदीचे थर हलकेच खरवडा, एकाखाली एक छटा निघतील.

दारे-खिडक्यांची गोष्ट वेगळी. लाकडाला तेलरंगच योग्य. पण जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर कायद्याने कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. तेव्हा जुने दार कोरडे घासू नका, जाळूनही रंग काढू नका. पाणी मारून ओले खरवडा, कचरा गोळा करून बांधून टाका, आणि काम चालू असेतो लहान मुले शेजारी पाठवा.